गावच्या पैशाचा हिशेब कसा तपासायचा: लेखापरीक्षण अहवाल पहिल्यांदाच हातात घेणाऱ्यांसाठी

ग्रामसभेत दरवर्षी कोणीतरी उठतं आणि म्हणतं, "पैसा खाल्ला." मग आवाज चढतात, धुऱ्याची जुनी भांडणं निघतात, दोघंजण एकमेकांच्या अंगावर धावून जातात आणि सभा मोडते. प्रोसिडिंगच्या वहीत मात्र 'सर्व विषय एकमताने मंजूर' असं लिहिलं जातं. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गट ग्रामपंचायतीत मी हे कित्येक वर्षं पाहिलं आणि त्या आरडाओरड्यात माझाही आवाज होता.

मग एका वर्षी आम्ही सात-आठ जणांनी ठरवलं की आरोप करायचा नाही. त्याऐवजी लेखापरीक्षण अहवालातला एक परिच्छेद उभं राहून वाचायचा. परिच्छेद चार ओळींचा होता. सिमेंट रस्त्याच्या कामाची मोजमाप पुस्तिका (झालेल्या कामाची मापं लिहायची वही) तपासणीस सादर केली नाही, सबब खर्चाची रक्कम आक्षेपाधीन ठेवण्यात येते, एवढंच त्यात होतं. सभा एकदम गप्प झाली. हे गावातल्या कोण्या गटाचं म्हणणं नव्हतं, सरकारच्याच माणसाने दप्तर पाहून लिहिलं होतं. आणि ते दोन वर्षांपासून कपाटात पडून होतं.

या कामात नव्याने पडणाऱ्याला मी पहिल्यांदा हेच सांगतो. बहुतेक गावांत चूक शोधायची गरज नसते, ती आधीच लिहून ठेवलेली असते. ती वाचायची, जागेवर जाऊन पडताळायची आणि ग्रामसभेत आणायची, एवढं काम आपल्याकडे उरतं.

आधी अहवाल मिळवा

ग्रामपंचायतीच्या हिशेबाची तपासणी राज्याच्या वित्त विभागाखालचं स्थानिक निधी लेखापरीक्षा कार्यालय करतं. लोक त्याला 'लोकल फंड' म्हणतात. १९३० च्या स्थानिक निधी लेखापरीक्षा कायद्यापासून ही व्यवस्था चालत आली आहे. ७३ व्या घटनादुरुस्तीने घटनेत कलम २४३-ञ आलं आणि पंचायतींच्या हिशेबाच्या तपासणीला घटनेतही जागा मिळाली. कॅग, म्हणजे भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक, मोठ्या योजना तपासतात. तुमच्या गावातल्या नालीपर्यंत ते क्वचितच पोचतात. म्हणून आपल्याला लोकल फंडाचा अहवाल लागतो.

तो तीन ठिकाणी मिळू शकतो. पहिलं ठिकाण खुद्द ग्रामपंचायत कार्यालय. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ८ प्रमाणे आर्थिक वर्षातल्या पहिल्या ग्रामसभेपुढे वार्षिक हिशेब, मागच्या वर्षाचा प्रशासन अहवाल, या वर्षीच्या कामांचा कार्यक्रम आणि शेवटचा लेखापरीक्षण अहवाल, त्यावर दिलेल्या उत्तरांसह, ठेवायचा असतो. हे कलम वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. अहवाल मागणं म्हणजे कोणावर अविश्वास दाखवणं नव्हे, कायद्याने जे समोर यायलाच हवं ते आपण मागतो आहोत.

दुसरं ठिकाण केंद्राचं ऑडिट-ऑनलाइन हे संकेतस्थळ, २०२० च्या एप्रिलपासून सुरू असलेलं. त्याच महिन्यात ई-ग्रामस्वराजही सुरू झालं. त्यावर राज्य, जिल्हा, तालुका आणि ग्रामपंचायत निवडली की वित्त आयोगाच्या निधीचा आराखडा आणि खर्चाच्या नोंदी दिसतात. १५ व्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी अटच घातली होती की हिशेब ऑनलाइन असतील तरच अनुदान मिळेल. त्यामुळे त्या काळातलं बरंच काही मोबाईलवर सापडतं. रेंज नसेल तर तालुक्याला बाजाराला जाल त्या दिवशी डाउनलोड करून आणा.

तिसरा मार्ग माहिती अधिकाराचा. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

अहवालातली भाषा

पहिल्यांदा अहवाल उघडला की डोकं चक्रावतं. वाक्यं लांब आणि जडजंबाल असतात. पण तीन-चार शब्द पक्के झाले की तो झरझर वाचता येतो.

'आक्षेपाधीन रक्कम' म्हणजे ज्या खर्चाचा पुरावा अपुरा आहे तो. पावती नाही, ठराव नाही, मोजमाप नाही, कोटेशन एकाच दुकानाचं आहे अशी कारणं असतात. पैसा गेलाच असं याचा अर्थ नाही. कागद नंतर सापडला तर आक्षेप वगळला जातो.

'वसूलपात्र रक्कम' म्हणजे नुकसान झालं आहे, ती जबाबदार माणसाकडून परत घ्यायची. सगळ्यात आधी हाच शब्द शोधा.

'पूर्तता' किंवा 'अनुपालन' म्हणजे आक्षेपाला ग्रामपंचायतीने दिलेलं उत्तर. अहवालात जुन्या वर्षांच्या प्रलंबित परिच्छेदांचा तक्ता असतो. माझा सल्ला आहे की अहवाल तिथूनच वाचायला घ्या. एखादा परिच्छेद पाच-सहा वर्षं 'प्रलंबित' असेल तर त्याचा अर्थ असा की त्या काळात ग्रामपंचायतीनं उत्तर दिलं नाही आणि पंचायत समितीनंही विचारलं नाही. आणि 'अभिलेख तपासणीस उपलब्ध करून दिला नाही' हे वाक्य दिसलं की त्याखाली लाल रेघ मारा. साधं दिसतं, पण जो कागद लेखापरीक्षकालाच दाखवला नाही त्याची तपासणी झालीच नाही, असा त्याचा अर्थ होतो.

दप्तरातले नमुने

ग्रामपंचायतीचं दप्तर १ ते ३३ नमुन्यांत असतं. सगळे पाठ करू नका. घराच्या कामामुळे नमुना ८ आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे, ती कर आकारणीची नोंदवही. नमुना ९ मध्ये कराची मागणी असते, नमुना १० ही कराची पावती. हिशेब तपासायला मुख्यतः लागतात ते असे: नमुना ५ म्हणजे रोकड वही, नमुना १२ म्हणजे खर्चाची प्रमाणकं (त्यालाच आपण व्हाउचर म्हणतो), नमुना १६ म्हणजे टिकाऊ सामानाची नोंद आणि नमुना २७ म्हणजे लेखापरीक्षणातल्या आक्षेपांचं मासिक विवरण.

नमुना १६ घेऊन एक संध्याकाळ गावात फिरा. त्यात एलईडी दिवे ४० लिहिले असतील तर अंधार पडल्यावर खांब मोजा. खुर्च्या, कपाट, फवारणी यंत्र, शाळेला दिलेला संगणक, एकेक वस्तू कुठे आहे ते विचारा. हे काम आठवी-नववीतली पोरंही करतात आणि उत्साहाने करतात.

आणखी एक गोष्ट रोकड वहीवरून लगेच कळते. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. छोट्या गावात ही रक्कम काही हजारांतच असते, म्हणून कोणी विचारत नाही. पण ज्या दिव्यांग माणसाला त्यातून तीनचाकी सायकल मिळाली असती, त्याच्यासाठी ती रक्कम छोटी नसते.

वित्त आयोगाच्या पैशांतही फरक ओळखायला शिका. १५ व्या आयोगाच्या काळात ६० टक्के निधी बंधित होता, म्हणजे पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांसाठीच राखलेला, आणि ४० टक्के अबंधित. बंधित पैशातून कोणी स्वागत कमान उभी केली असेल तर कमान कितीही देखणी असो, तो खर्च चुकीचाच.

एकच काम निवडा, आणि कागद मागा

नव्या माणसाकडून सगळ्यात मोठी चूक इथे होते. माझ्याकडूनही झाली. माझा पहिला माहिती अधिकाराचा अर्ज असा होता: 'मागील दहा वर्षांतील सर्व कामांची सर्व कागदपत्रे'. तो फेटाळला गेला. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांच्या आत लागतो. आणि समजा सगळे कागद मिळाले असते, तरी ते वाचले कोणी असते? त्या एका अर्जापायी आमचे चार महिने गेले.

म्हणून एक वर्ष, एक काम. अहवालात ज्याच्यावर आक्षेप आहे असं आणि गावात सगळ्यांना माहीत असलेलं काम निवडा. जोडपत्र 'अ', म्हणजे माहिती अधिकाराच्या अर्जाचा ठरलेला नमुना, भरा, त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. अर्जदार दारिद्र्यरेषेखाली असेल तर फी लागत नाही, दाखल्याची प्रत जोडायची. कशासाठी हवं हे कायद्याने सांगावं लागत नाही. मजकूर असा ठेवा:

'ग्रामपंचायतीने सन अमुक-अमुकमध्ये केलेल्या मारुती मंदिर ते जिल्हा परिषद शाळा या सिमेंट काँक्रीट रस्त्याच्या कामाबाबत पुढील कागदपत्रांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात: ग्रामसभेचा व मासिक सभेचा ठराव, अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरी, प्रशासकीय मान्यता, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेतील संबंधित पाने, देयके व प्रमाणके, काम पूर्णत्वाचा दाखला.'

अर्ज ग्रामपंचायतीच्या जन माहिती अधिकाऱ्याला, म्हणजे बहुतेक ठिकाणी ग्रामसेवकांनाच, द्या. आता या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा. ३० दिवसांत उत्तर आलं पाहिजे. नाही आलं किंवा अर्धवट आलं तर पुढच्या ३० दिवसांत प्रथम अपील करा, त्याला २० रुपयांचा स्टॅम्प लागतो. तिथेही काम झालं नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील. आयोगाची खंडपीठं नागपूर आणि अमरावती इथे आहेत, त्यामुळे विदर्भातल्या माणसाला मुंबई गाठावी लागत नाही. मात्र तिथे सुनावणीची तारीख लागायला फार वेळ जातो. प्रथम अपिलातच नीट मांडणी केली तर बहुतेक वेळा कागद मिळतात.

प्रतींचे पैसे जास्त होत असतील तर प्रती मागू नका, दप्तर पाहायची परवानगी मागा. पहिला तास फुकट असतो. दोघंजण जा, एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने वहीत उतरवायचं.

टेप घेऊन रस्त्यावर

कागद हातात आले की घरी बसू नका. अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तिका (इंजिनिअर तिला एम.बी. म्हणतात) यांतले आकडे एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहा आणि जागेवर जा. लागणारं सामान म्हणजे ३० मीटरचा टेप, खडू आणि शाळेतली फूटपट्टी.

आमच्या रस्त्याची एम.बी.मधली नोंद होती: लांबी १०० मीटर, रुंदी ३ मीटर, काँक्रीटची जाडी ०.१५ मीटर. गुणाकार केला की ४५ घनमीटर. रस्त्याला साधारणपणे एम-२० प्रतीचं काँक्रीट असतं, आणि त्याच्या एका घनमीटरला सुमारे ८ पोती सिमेंट लागतं. म्हणजे या रस्त्यात ३६० पोती असायला हवीत. हा हिशेब पारावर बसलेल्या म्हाताऱ्यालाही कळतो, कारण घर बांधताना पोती त्यानेही मोजलेली असतात.

सकाळी सातला आम्ही मंदिरापासून सुरुवात केली. दर दहा मीटरवर खडूची रेघ मारत गेलो. शाळेच्या फाटकापाशी टेप ८२ मीटरवर थांबला. पुन्हा उलट्या दिशेनं मोजलं, ८२ च आले. रुंदी चार ठिकाणी घेतली, ती बरोबर होती. जाडी पाहायला रस्ता फोडायचा नाही, हे ध्यानात ठेवा. सार्वजनिक मालमत्तेचं नुकसान केल्याचा ठपका उलट तुमच्यावरच येईल. नालीसाठी जिथे कडेची माती काढलेली असते तिथे काँक्रीटची कड उघडी दिसते. तिथली माती हाताने झाडली आणि फूटपट्टी उभी धरली. एका ठिकाणी १५ सेंटिमीटर, दोन ठिकाणी ११. आम्ही प्रत्येक जागेचा फोटो घेतला, त्यात टेपवरचा आकडा आणि मागचं घर दोन्ही दिसतील असा. नाहीतर उद्या कोणी म्हणेल हा रस्ता आमचा नव्हेच.

जाडी १५ ऐवजी सरसकट १० निघाली असती तर ४५ घनमीटरचे ३० झाले असते आणि १२० पोती सिमेंट कमी पडलं असतं. कड एक-दोन ठिकाणी पातळ असणं वेगळं आणि सगळीकडे पातळ असणं वेगळं, म्हणून तीन-चार जागा घ्याव्याच लागतात. शंका गंभीर असेल तर कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्कही माहिती अधिकार कायद्याच्या कलम २ मध्ये आहे. तो रीतसर अर्ज करून वापरायचा.

मोजून झालं की पंचनाम्यासारखा एक साधा कागद करा: तारीख, वेळ, हजर लोकांची नावं, मापं, सह्या. त्यात मत लिहू नका. 'चोरी' हा शब्द तर नकोच.

आमचा एक संशय खोटाही निघाला, तोही सांगायला हवा. हातपंप दुरुस्तीची एकाच महिन्यातली दोन सारख्या रकमेची बिलं पाहून आम्हाला वाटलं की एकाच कामाचे पैसे दोनदा उचलले. तांड्यावर जाऊन विचारलं तर तिथल्या बायांनी सांगितलं, दुसरा हातपंप त्यांचा होता आणि त्याच महिन्यात दुरुस्त झाला होता. आम्ही ते ग्रामसभेत स्वतःहून सांगितलं. त्यानंतर ग्रामसेवक आमच्याशी वेगळ्या तऱ्हेनं बोलू लागले. एका माणसाकडे दोन-तीन ग्रामपंचायती, वर घरकुल, कर वसुली आणि सतरा बैठका असतात. हरवलेला प्रत्येक कागद दडवलेलाच असतो असं नाही, हे मनात ठेवून दप्तर उघडलं तर काम सोपं होतं.

रस्ता किंवा बंधारा मोजून झाला की आणखी एक प्रश्न विचारायचा राहतो: याचा उपयोग झाला का? जलयुक्त शिवारावरचा कॅगचा अहवाल २०२० मध्ये विधिमंडळात मांडला गेला. ९,६३३ कोटी रुपये खर्चूनही भूजल पातळी वाढवण्यात योजनेला फारसं यश आलं नाही, असं त्यात म्हटलं होतं. तुमच्या नाल्याचं खोलीकरण झालं असेल तर शेजारच्या चार विहिरींत मार्चमध्ये पाणी किती असतं ते शेतकऱ्यांना विचारून लिहून ठेवा. हे कोणत्याही नमुन्यात येत नाही, पण पुढच्या वर्षीचा आराखडा ठरवताना त्याचाच आधार होतो.

ग्रामसभेत कसं मांडायचं

वर्षात किमान चार ग्रामसभा व्हाव्या लागतात. रिवाजाने २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तारखा धरल्या जातात. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यातला जो आकडा कमी असेल तो लागतो. तो भरला नाही की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट राहत नाही. कित्येक गावांत खरे निर्णय त्या दुसऱ्या, दहा माणसांच्या सभेत होतात. म्हणून पहिल्याच सभेला माणसं जमवा. आमच्यासारख्या गट ग्रामपंचायतीत कार्यालय एका गावात आणि बाकीची गावं तीन-चार किलोमीटरवर असतात, तेव्हा दवंडी नुसती कार्यालयाच्या गावात फिरली तर चालणार नाही असं आधीच लेखी द्या.

विषय अजेंड्यावर घ्यायचा असेल तर नोटीस निघण्याआधी अर्ज करा: 'सन अमुकच्या लेखापरीक्षण अहवालातील परिच्छेद क्रमांक अमुक, त्याची पूर्तता व सद्यस्थिती.' आयत्या वेळच्या विषयांत तो टाकू देऊ नका, तिथवर पोचेपर्यंत लोक घरी गेलेले असतात.

ग्रामसभेच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा असते. तिला फार लोक गांभीर्यानं घेत नाहीत, पण आमचं काम तिथेच मार्गी लागलं. बचत गटाच्या बाया दर महिन्याला सगळ्यांसमोर हिशेब मोठ्याने वाचतात, त्यांना जमा, खर्च आणि शिल्लक शिकवावी लागत नाही. गटाच्या अध्यक्ष असलेल्या काकू त्या सभेत म्हणाल्या, "आमच्या गटात पाच रुपये कमी आले तरी आमी उठून विचारतो. मंग हा तर लाखाचा रस्ता हाय, इथं काहून नाई विचाराचं?" महिला सभेने ठराव केला आणि तो ग्रामसभेपुढे आला. मग कोणाला हे विरोधी पार्टीचं राजकारण आहे असं म्हणता आलं नाही.

ग्रामसभेत एकानेच बोलायचं, बाकीच्यांनी गप्प बसायचं. आधी अहवालातला परिच्छेद वाचा, मग एम.बी.तली नोंद, मग आपली मापं. शेवटी फक्त दोन मागण्या करा: पंचायत समितीच्या अभियंत्याकडून गावकऱ्यांसमक्ष फेरमोजणी व्हावी आणि आक्षेपाची पूर्तता पुढच्या ग्रामसभेपुढे लेखी ठेवावी. हे ठराव म्हणून लिहून घ्या, वाचून दाखवायला लावा, ठराव क्रमांक आपल्या वहीत उतरवा आणि मगच सही करा. कोऱ्या पानावर किंवा वर मोकळी जागा सोडलेल्या पानावर सही करू नका, कोणीही म्हणो 'नंतर लिहितो'.

रोजगार हमीची कामं

इथे गावाचा हक्क आणखी पक्का आहे. २००५ च्या केंद्रीय कायद्याच्या कलम १७ ने या कामांचं सामाजिक अंकेक्षण, म्हणजे लोकांनीच करायची तपासणी, ग्रामसभेच्या हाती दिलं आणि २०११ च्या नियमांनी ते दर सहा महिन्यांनी व्हावं असं ठरवलं. या पद्धतीचं मूळ राजस्थानात आहे. १९९४ च्या डिसेंबरात पाली जिल्ह्यातल्या कोट किराणा गावात मजूर किसान शक्ती संघटनेने पहिली जनसुनावणी घेतली आणि मस्टरवरची, म्हणजे हजेरीपटावरची, नावं सगळ्यांसमोर वाचून दाखवली. योजनांची नावं आणि नियम बदलत राहतात, पण आपण धरून ठेवायची पद्धत तीच: मस्टर मोठ्याने वाचायचं.

पांदण रस्त्याचं किंवा विहिरीचं काम असेल तर हजेरीपट ऑनलाइन मिळतो. तो छापून घ्या, जॉबकार्डाशी जुळवा आणि मजुराला घरी जाऊन विचारा: त्या आठवड्यात कामावर होता का, किती दिवस, खात्यात किती आले. चंद्रपूर, गडचिरोली, गोंदियाकडून कितीतरी कुटुंबं मिरची तोडायला तेलंगणात जातात. त्याच दिवसांत त्यांची हजेरी गावच्या मातीकामावर लागलेली दिसली तर वेगळा पुरावा लागत नाही. मजुराला मात्र धाक वाटू देऊ नका. त्याचं नाव कोणी वापरलं असेल तर चूक त्याची नाही, आणि पुढच्या कामासाठी त्याला पुन्हा त्याच माणसाच्या दारात उभं राहायचं असतं.

पेसाच्या गावांत

गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळ आणि अमरावती जिल्ह्यांतल्या अनुसूचित क्षेत्रात १९९६ चा पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या पंचायतींसाठीचा कायदा, आणि राज्याचे २०१४ चे नियम लागू आहेत. तिथे प्रत्येक पाड्याची स्वतःची ग्रामसभा होऊ शकते आणि तिचा स्वतःचा ग्रामकोष, म्हणजे गावाचा निधी, असतो. पैसा थेट गावाच्या खात्यात येतो, म्हणून हिशेबाची जबाबदारीही गावाचीच. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले आणि २०११ पासून बांबू विकण्याचा अधिकार. 'आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा सगळ्यांना माहीत आहे. घोषणेमागे सर्वांसमोर बसून, सहमतीने निर्णय घेण्याची सवय आहे, ती जवळून पाहायला मिळाली तर जरूर पाहा. तेंदूपत्ता किंवा बांबूचा पैसा येणाऱ्या प्रत्येक गावाने मजुरी, रॉयल्टी आणि ग्रामकोषातली शिल्लक हे तीन आकडे समाज मंदिराच्या भिंतीवर रंगवून ठेवावेत असं मला मनापासून वाटतं.

ठरावानंतर

ठराव झाला म्हणजे काम झालं असं समजू नका. ठरावाची प्रत घेऊन पंचायत समितीत विस्तार अधिकारी (पंचायत) यांना भेटा, मग गटविकास अधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या. महिनाभरात हालचाल नसेल तर जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे. तालुक्याचा लोकशाही दिन महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी आणि जिल्ह्याचा पहिल्या सोमवारी असतो. तिथे दिलेल्या अर्जाला क्रमांक पडतो, म्हणून तो मार्ग सोडू नका. अर्जाला अहवालातला परिच्छेद, ठराव आणि मापांचा कागद, एवढीच तीन पानं जोडा. जाडजूड गठ्ठा कोणी वाचत नाही.

कोणी लाच मागितली तर ती वेगळी गोष्ट. त्यासाठी लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे. ग्रामपंचायतीच्या ठेक्यात एखाद्या सदस्याचा स्वतःचा किंवा आडून हितसंबंध असेल तर ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ प्रमाणे तो अपात्र ठरू शकतो, पण त्याला पक्का पुरावा लागतो. ऐकीव गोष्टीवर तिकडे जाऊ नका.

एकटं फिरू नका, हे मी प्रत्येकाला सांगतो. अर्जावर पाच-सात सह्या असू द्या, वेगवेगळ्या मोहल्ल्यातल्या, वेगवेगळ्या जातीच्या, आणि त्यात निदान दोन-तीन बाया. कार्यालयात जाताना दोघं-तिघं जा. रात्री कोणी 'चहाला' बोलावलं तर दिवसा कार्यालयातच बोलू म्हणा. गावात राहायचं आहे, शेतीला त्याच धुऱ्यावरून जायचं आहे, म्हणून माणसाशी भांडण नको, कागदाशी ठेवा.

आमच्या रस्त्याची फेरमोजणी ठरावानंतर पाच महिन्यांनी झाली. अभियंत्यांनी टेप धरला तेव्हा निम्मं गाव कडेला उभं होतं. १८ मीटरचा फरक मान्य झाला, ती रक्कम वसूलपात्र ठरली आणि भरणा व्हायला त्यानंतर दीड वर्ष लागलं. पातळ काँक्रीटचा मुद्दा मात्र अजून प्रलंबित आहे.

त्या दीड वर्षात ग्रामसेवकांची बदली झाली, निवडणूक झाली, सरपंच बदलले. नवीन आलेल्यांना आधीचं काही माहीत नव्हतं. तेव्हापासून आम्ही फाईलच्या दोन प्रती ठेवतो, एक माझ्याकडे आणि एक बचत गटाच्या पेटीत. नवीन अधिकारी रुजू झाले की पहिल्या आठवड्यात दोन बाया आणि दोन माणसं त्यांना भेटायला जातात, स्वागत करतात आणि प्रलंबित आक्षेपांची एक पानाची यादी देऊन पोच घेतात. सध्या त्या यादीत चार परिच्छेद आहेत.